प्रश्न क्रमांक सतरा

महिन्याच्या पहिल्या सोमवारी पुण्याहून फोन येतो.
आई स्पीकर लावते, वही घेते, चष्मा शोधते.
पलीकडच्या बाई फार मऊ बोलतात.
गेल्या सात दिवसांत सन्मतीला
पळताना त्रास झाला का?
कधीच नाही, कधीतरी, बऱ्याचदा, कायम?
एकट्यानं आंघोळ करताना?
रात्री भीती वाटली?

एक पान त्याचं असतं, एक आईबाबांचं.
बहिणीचं पान नाही.
मी दाराला टेकून ऐकते.
माझ्या कमरेच्या हाडावर दोन बारीक व्रण आहेत,
सायकलवरून उतरताना अजून आठवण करून देतात.

बाबा हळदीच्या पेठेत तोलाईला आहेत.
वखारभागातून यायचे ते पिवळेधमक,
भुवयांसकट.
आता बोळातल्या नळावरच आंघोळ करतात,
सदरा बाहेरच्या खिळ्याला,
आणि तरी उंबऱ्याशी थांबतात,
ओळख नसलेल्या पाहुण्यासारखे.
आतून मास्कमधला आवाज येतो,
"बाबा, आज सौद्यात काय भाव निघाला?"
बाबा भाव सांगतात.
तेवढंच बोलणं, पण रोज.
ह्याला किती गुण, ते फोनवर कुणी विचारत नाही.

फेब्रुवारीत तासगावच्या मामानं द्राक्षांची पेटी पाठवली.
कच्चं काही द्यायचं नाही, असं बजावलेलं.
आईनं दोन दिवस पेटीकडं नुसतं पाहिलं,
तिसऱ्या दिवशी द्राक्षं कुकरला लावली.
तीन शिट्ट्या.
वाटीत ती मिटल्या डोळ्यांसारखी पडली होती.
सन्मतीनं एक खाल्लं, म्हणाला, "चांगलंय की."
आई मोरीत जाऊन
घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली.

त्याचे केस परत आले ते कुरळे.
आमच्यात कुणाचेच कुरळे नाहीत.
रक्ताचा गटही बदलला, बी होता,
आता माझा, ओ.
चौगुले काकू म्हणाल्या, पुण्यवान गं पोरी तू.
मला तेव्हा आठवला कंपासपेटीवरून घातलेला गुद्दा,
त्याच्या पाठीत, खूप जोरात.
तो निळा डाग चौथ्या दिवशीही गेला नाही,
म्हणून आई त्याला मिरजेला दाखवायला घेऊन गेली
आणि तिथून सगळं सुरू झालं.
डॉक्टर म्हणाले, गुद्द्यानं असं काही होत नसतं.
पण ते दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलांविषयी बोलत होते.

तेव्हापासून त्याच्याशी कुणी चढ्या आवाजात बोललेलं नाही.
कॅरममध्ये राणी त्याचीच.
एकशे बाराव्या दिवशी तो म्हणाला,
"ताई, मार की."
"काय?"
"पहिल्यासारखी मार. सगळे मला
लोणच्याच्या बरणीसारखं धरायला लागलेत."
"प्लेटलेट किती तुझ्या?"
"एक लाख चाळीस हजार."
बोर्डात आल्यासारखा सांगत होता.

मी हात धुतले. साबण लावून, वीस आकडे मोजून.
मग त्याच्या दंडावर एक चापट मारली,
चिमूटभर.
"ही काय चापट?"
आणि त्यानं माझ्या पाठीत जो गुद्दा घातला
तो थेट कमरेच्या हाडापर्यंत पोचला.
"तुझंच रक्त तुला मारतंय. जा, सांग आईला."
मग आम्ही भांडलो.
उशीची शिवण उसवली, मास्क एका कानाला लोंबायला लागला,
कंपासपेटीचा जुना विषयसुद्धा निघाला.
आई ओल्या हातांनी धावत आली
आणि दारातच थांबली.

सोमवारी फोन.
प्रश्न क्रमांक सतरा:
इतर मुलांशी जमवून घेताना अडचण आली का?
सन्मतीनं फोन तोंडाशी ओढला,
"कायम!"
पलीकडं बाई थोडं थांबल्या. "अरेरे," म्हणाल्या.
त्या उत्तराला सगळ्यांत कमी गुण आहेत,
आईला हे माहीत आहे.
तिनं दुरुस्ती केली नाही.

रात्री तो झोपल्यावर मी त्याचा दंड पाहिला.
चौथ्या दिवशी पुन्हा पाहिला.